जुने ऐतिहासिक छायाचित्र कसे वाचावे

स्वातंत्र्यदिन जवळ आला की शाळांच्या भिंतींवर आणि मंडळांच्या फलकांवर जुनी छायाचित्रे लागतात, आणि त्यांच्याखाली कुणीतरी घाईघाईने लिहिलेली ओळ पुढे कित्येक वर्षे इतिहास म्हणून वाचली जाते. पंडित नेहरू लाल किल्ल्यावर ध्वज फडकावीत असल्याचे छायाचित्र आणि त्याखाली '१५ ऑगस्ट १९४७' ही तारीख आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. प्रत्यक्षात लाल किल्ल्यावरचे ते पहिले ध्वजारोहण १६ ऑगस्टला झाले. चित्र खरे, प्रसंग खरा, तारीख तेवढी चुकीची. म्हणून जुने छायाचित्र हाती येताच पहिली गोष्ट करावी ती ही की, त्याखालची ओळ कागदाने झाकून टाकावी.

ओळ झाकल्यावर एका कोऱ्या पानाचे दोन भाग करावेत. एका भागात डोळ्यांना जे दिसते तेवढेच लिहावे आणि दुसऱ्या भागात आपल्याला जे वाटते ते. 'टोपी घातलेले सात पुरुष, मागे कौलारू इमारत, उजवीकडे बांबूला बांधलेला भोंगा' हे पहिल्या भागात जाईल. 'ही काँग्रेसची सभा असावी' हे दुसऱ्या भागात. नजर कडांकडून मध्याकडे न्यावी आणि ओळखीचा चेहरा सर्वांत शेवटी पाहावा, कारण गांधीजी किंवा बाबासाहेब एकदा ओळखू आले की उरलेले चित्र आपण पाहतच नाही. छायाचित्रकाराने मुद्दाम टिपलेल्या व्यक्तीपेक्षा त्याच्या नकळत चौकटीत आलेली पाटी, विजेचा खांब किंवा सायकल काळाबद्दल अधिक सांगून जाते.

नागपूरकरांनी तर झेंडा वाचायला शिकलेच पाहिजे. १९२३ साली सिव्हिल लाइन्समध्ये राष्ट्रीय झेंडा घेऊन जाण्यास मनाई झाली, तेव्हा येथे झेंडा सत्याग्रह उभा राहिला. जमनालाल बजाज यांनी त्याचे नेतृत्व केले आणि त्यांच्या अटकेनंतर वल्लभभाई पटेल यांनी सूत्रे हाती घेतली. त्या काळच्या झेंड्यात पांढरा पट्टा सर्वांत वर, हिरवा मध्ये आणि लाल खाली असे, आणि त्यावर चरखा असे. १९३१ मध्ये काँग्रेसने केशरी, पांढरा, हिरवा असा क्रम स्वीकारला व चरखा मधल्या पांढऱ्या पट्ट्यावर आला. चरख्याच्या जागी चक्र असलेला ध्वज संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी स्वीकारला. कृष्णधवल छायाचित्रात रंग कळत नसले तरी उजळ पट्टा कुठे आहे हे सहसा कळते. तो वर असेल तर आपण बहुधा १९३१ पूर्वीच्या झेंड्याकडे पाहत आहोत. तो मध्ये असेल आणि खालच्या ओळीत 'झेंडा सत्याग्रह, १९२३' असे असेल, तर त्या ओळीवर विश्वास ठेवू नये. मात्र पट्ट्याच्या गडदपणावरून रंगाचा निर्णय करू नये, कारण जुन्या काचपट्ट्या आणि फिल्म तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळ्या होत्या. त्यांत लाल पट्टा काळसर येतो, कुंकूही काळेच दिसते. आज संगणकावर रंगवलेली जी छायाचित्रे मोबाइलवर फिरतात, त्यांतले रंग त्यामुळे पुरावा ठरत नाहीत.

या उदाहरणातली तर्कपद्धती नीट समजून घ्यावी, कारण पुढे सगळीकडे तीच लागते. चित्रातली एखादी वस्तू 'हे छायाचित्र अमुक वर्षाच्या आधीचे नाही' एवढेच ठामपणे सांगू शकते. नंतरचे नाही, हे ती सांगत नाही. जुना झेंडा, जुनी मोटार, जुनी पाटी पुढेही वापरात राहते. फलकावर 'नये पैसे' छापलेले असतील तर चित्र १ एप्रिल १९५७ च्या आधीचे नसते, कारण दशमान नाणी त्या दिवशी आली. आणे लिहिलेले असतील तर मात्र ते त्याआधीचेच असे म्हणता येत नाही. छायाचित्राच्या मागे स्टुडिओच्या शिक्क्यात सहा अंकी पिनकोड असेल तर तो शिक्का १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा आहे. पण त्यावरून काळ ठरतो तो हातातल्या प्रतीचा. मूळ चित्र कितीतरी जुने असू शकते. नागपुरातल्या एखाद्या कचेरीवर मध्य प्रदेश सरकारची पाटी दिसली तर ती चूक समजू नये. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होते, १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात.

आता आपल्या शहरातील सर्वांत मोठ्या प्रसंगाकडे या रीतीने पाहू. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि नंतर जमलेल्या लाखो अनुयायांना स्वतः दीक्षा दिली. या सोहळ्याची म्हणून जी छायाचित्रे घराघरांत लावलेली असतात, त्यांत काही १५ ऑक्टोबरच्या भाषणाची, काही १६ तारखेच्या चंद्रपूर येथील दीक्षा समारंभाची आणि काही पुढच्या वर्षांच्या वर्धापनदिनाची असू शकतात. सर्वांत सोपी खूण स्तूपाची. दीक्षाभूमीवरचा आजचा भव्य घुमट २००१ साली लोकार्पित झाला. १९५६ मध्ये तेथे व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळचे मोकळे मैदान होते. तेव्हा पाठीमागे घुमट आणि पुढे बाबासाहेब असे चित्र दिसले तर ते दोन चित्रे जोडून केलेले आहे. श्रद्धेने केलेल्या अशा चित्राला घरातल्या भिंतीवर मान आहेच, प्रदर्शनात मात्र ते छायाचित्र म्हणून मांडू नये. घुमट नसेल तर पुढच्या खुणा पाहाव्यात: व्यासपीठावर कोण कोण आहे, बाबासाहेबांच्या पत्नी माईसाहेब शेजारी आहेत का, भिक्खूंची जागा कुठे आहे, सावल्या लांब आहेत की आखूड. गर्दीच्या वस्त्रांकडे तर थांबून पाहावे. अनुयायी पांढरी वस्त्रे नेसून आले होते, त्यामुळे अस्सल छायाचित्रांत जमिनीवर बसलेला समुदाय दूरवर पसरलेल्या उजळ पट्ट्यासारखा येतो, आणि भिंग धरले की त्या उजळपणात एकेक डोके, डोक्यावरचा पदर, मांडीवरचे मूल वेगळे होत जाते. हे पाहण्यासाठी वेळ द्यावा; ज्यांची नावे कुठेच नोंदलेली नाहीत त्यांची उपस्थिती नोंदवणारा हाच एक कागद असतो.

भिंगाचा दुसरा उपयोग प्रत कशी झाली हे ओळखण्यासाठी होतो. भिंगाखाली बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ते वर्तमानपत्रात किंवा पुस्तकात छापलेले चित्र आहे. तशा वेळी मूळ अंक शोधावा, आणि अंकाची तारीख व घटनेची तारीख एकच धरू नये. ठिपके नसून कडांना चंदेरी झाक असेल तर ती बहुधा जिलेटिनच्या थरातील चांदी वर आल्याची खूण असते. तपकिरी, पातळ कागदाचे आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेले छायाचित्र बरेचदा एकोणिसाव्या शतकातले, अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिलेल्या कागदावरचे असते. त्या काळी कॅमेऱ्याला चित्र उमटण्यासाठी वेळ लागे, म्हणून हलती माणसे पुसली जात. छायाचित्रणाचा एक आद्य प्रवर्तक असलेल्या फ्रान्समधील दागेरने १८३८ मध्ये पॅरिसमधला वर्दळीचा रस्ता टिपला, त्यात बूट पॉलिश करून घेत थांबलेला एक माणूस तेवढा स्पष्ट उमटला. जुन्या चित्रात एखादा रस्ता ओसाड दिसला म्हणून तो ओसाड होता असे लिहू नये. आणि १८३९ मध्ये छायाचित्रणाची कला जाहीर होण्याच्या बऱ्याच आधीच्या घटनांची छायाचित्रे असूच शकत नाहीत. सीताबर्डीची लढाई १८१७ ची, तिचे जे मिळेल ते रेखाटन किंवा रंगचित्र.

चित्र आरशातल्यासारखे उलटे छापले गेले आहे का, हेही तपासावे. पाटीवरची अक्षरे, पुरुषांच्या कोटाची बटणे आणि नऊवारीचा डाव्या खांद्यावरचा पदर यांवरून ते पटकन लक्षात येते.

जगप्रसिद्ध चित्रांबाबत तीन प्रश्न वेगवेगळे विचारावेत: प्रसंग घडला का, हे चित्र त्याच क्षणाचे आहे का, आणि चित्रात नंतर काही फेरफार झाला का. बर्लिनमधील राइखस्टाग या संसदभवनावर सोव्हिएत झेंडा लावणाऱ्या सैनिकांचे येवगेनी खाल्देई यांचे छायाचित्र घ्या. इमारत सोव्हिएत सैन्याने खरोखर जिंकली होती, पण चित्र २ मे १९४५ रोजी मुद्दाम योजून घेतलेले आहे, आणि प्रसिद्धीपूर्वी एका सैनिकाच्या मनगटावरचे घड्याळ खरवडून काढले गेले व आकाशात धूर वाढवला गेला. पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'होय' आहे म्हणून उरलेले दोन सोडून देऊ नयेत. लेनिनच्या ५ मे १९२० च्या सभेच्या चित्रातून त्यांचे सहकारी ट्रॉट्स्की पुढे गायब झाले, ते मूळ प्रत उरल्यामुळेच कळते. म्हणून मोबाइलवर आलेल्या चित्राची गूगल लेन्सवर सर्वांत मोठी, कमी कापलेली प्रत शोधावी.

घरातली मूळ प्रत हाताळताना ती कडांनी धरावी आणि मागे लिहायचे तर मऊ पेन्सिलीनेच, तेही कोपऱ्यात लिहावे. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर चालणाऱ्या खोलीत अल्बम ठेवू नये. त्या ओलसर हवेने चित्रे एकमेकांना चिकटतात. चिकट पानांच्या अल्बममधून चित्र ओढून काढण्याऐवजी ते पानासकट ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करावे, आणि मागची बाजू सुटी असेल तर तिचेही स्कॅन घ्यावे.

एवढे झाल्यावर झाकलेली ओळ उघडावी आणि आपली टिपणे तिच्याशी ताडून पाहावीत. तारखेसाठी मध्यवर्ती संग्रहालय, विदर्भ संशोधन मंडळ किंवा जुन्या वृत्तपत्रांच्या फायली पाहाव्यात. चेहऱ्यांसाठी वडीलधाऱ्यांना विचारावे, पण 'हे अमुकच ना?' असे न विचारता 'हे कोण?' असे विचारावे, म्हणजे उत्तर आपण त्यांच्या तोंडी घालत नाही. मग नवी ओळ लिहावी, ती अशी: 'काँग्रेसची मिरवणूक, नागपूर, बहुधा १९३१ नंतर (झेंड्यावरून). छायाचित्रकार अज्ञात. डावीकडून तिसऱ्या व्यक्तीची ओळख कुटुंबीयांनी सांगितलेली, अन्यत्र पडताळलेली नाही.' ओळ लांब झाली तरी चालेल. 'बहुधा' हा शब्द मात्र जागा वाचवण्यासाठी कुणालाही काढू देऊ नये.