भुताच्या गोष्टीत भावंडं कशी लिहायची: 'सुपरनॅचरल' बघून जे जमलं ते

भुताची सिरीयल लिहायची म्हटलं की आपण आधी भूत शोधत बसतो, मीपण तेच करायचे. एका वाड्यातल्या दोन बहिणींचा पायलट, म्हणजे सिरीयलचा पहिला एपिसोड, लिहिला होता, हडळ एकदम जबरी, पण मैत्रिणीने वाचून विचारलं की अगं या दोघी एकमेकींवर चिडतात कशासाठी? माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग 'सुपरनॅचरल' ही अमेरिकन सिरीयल परत बघायला घेतली, एरिक क्रिपकीची, २००५ ते २०२०, पंधरा सीझन, ३२७ एपिसोड, आणि हा सगळा डोलारा डीन आणि सॅम विंचेस्टर या भुतांची शिकार करणाऱ्या दोन भावांच्या भांडणावर उभा आहे. म्हणून आधी भांडण शोधा, भूत त्याच्या मापाचं नंतर शिवता येतं.

भांडण सापडतं लहानपणी. २ नोव्हेंबर १९८३ची रात्र, कॅन्ससमधलं लॉरेन्स गाव, आई छताला चिकटलेली, खोली पेटलेली आणि बाप सहा महिन्यांचा सॅम चार वर्षांच्या डीनच्या हातात देऊन सांगतो, याला घेऊन बाहेर पळ. डीनला त्या क्षणी जे काम लागलं ते जन्मभर सुटलं नाही. सॅमला मात्र ती रात्र आठवतच नाही, म्हणून तो पुढे बापाशी भांडून स्टॅनफर्डला शिकायला निघून जाऊ शकतो आणि डीनचे पाय निघत नाहीत. तुमच्या पात्रांसाठीपण अशी एक घटना ठरवा, मग थोरल्याला काय आठवतं आणि धाकट्याला काय, अशा दोन ओळी लिहा. दोन्ही सारख्याच निघाल्या तर घटना बदला. नुसतं एक शांत नि एक तापट असं करून भागत नाही, ते कुठल्याही दोन रूममेट्सचंपण असतं.

आता भूत. पहिल्या सीझनमध्ये श्त्रिगाचा एपिसोड आहे, लहान मुलांचा प्राण शोषणारी चेटकीण, एका घरातलं एक पोर धरलं की त्याच्या भावंडाकडे वळते. तिच्या निमित्ताने फ्लॅशबॅक येतो. मोटेलची खोली, बाप शिकारीला गेलेला, सॅमला लकी चार्म्सच (दुधात घालून खायचं गोड सीरियल) पाहिजेत आणि डब्यात शेवटचेच उरलेत. डीनने स्वतः अजून खाल्लेले नसतात, तरी कुरकुरत तो वाटी त्याच्यापुढे सरकवतो. मग सॅम डब्यातलं बक्षिसाचं खेळणं काढून त्याला देतो. बास, एवढंच! कुणी म्हणत नाही की माझा तुझ्यावर जीव आहे. पुढे डीन कंटाळून जरा व्हिडिओ गेम खेळायला बाहेर जातो आणि परत येतो तर श्त्रिगा सॅमवर वाकलेली. बाप ऐन वेळी येऊन गोळ्या झाडतो, ती निसटते, आणि त्यानंतर बाप डीनकडे ज्या नजरेने बघतो ती नजर डीन अजून विसरलेला नाही. बापाचा शब्द तो का मोडत नाही हे सॅमला इतक्या वर्षांनी कळतं. या जागी दुसरं कुठलं भूत टाकून बघा, एपिसोड चालणारच नाही. तुमचं भूत काढून दुसरं टाकलं तरी सीन तसाच चालत असेल तर भूत चुकलंय.

हाक मारण्याकडे लक्ष द्या. इंग्रजीत दादा-ताई नाही, त्यामुळे 'सॅम' का 'सॅमी' यावरच सगळं तोलावं लागतं, सॅमी म्हटलं की तो चिडतो, पण डीनने म्हटलेलं हळूहळू खपवून घेतो. आपल्याकडे तर आयतं आहे, रोज 'दादा' म्हणणारी बहीण एक दिवस नुसतं नाव घेते, एक पान डायलॉग लिहायचा वाचला.

मोठा घाव मात्र प्रेमातूनच बसू द्या. सॅम मरतो तेव्हा डीन स्वतःचा आत्मा विकून त्याला परत आणतो, बदल्यात स्वतःला एकच वर्ष. नवव्या सीझनमध्ये सॅमला वाचवायला तो फसवून त्याच्या शरीरात एक देवदूत शिरू देतो, आणि सॅम भडकतो ते बरोबरच आहे ना, शरीर त्याचं आहे. ऐकणाऱ्याला दोघंही बरोबर वाटले पाहिजेत. फक्त हे दर सीझनला करू नका, एक मरतो दुसरा आणतो हे त्यांनी इतकं ताणलं की नंतर कुणी मेलं तरी मी चहा टाकायला उठायचे.

अजून एक, भांडण गाडीत लिहा. त्यांची ती काळी १९६७ची इम्पाला, उठून जायला जागा नाही आणि दोघांचे डोळे रस्त्यावर, त्यामुळे तोंडावर बोलता येत नाही ते तिथे निघतं. आज लिहायला बसलात तर तिथूनच घ्या, रात्र आहे, धाकट्याला काहीतरी सांगायचंय आणि थोरल्याने गाण्याचा आवाज वाढवलाय.