इंग्रजी कळतं पण लिहिता-बोलता येत नाही, त्यांच्यासाठी सरावाची रीत

सांगलीत संध्याकाळी माझ्याकडे जी माणसं इंग्रजीसाठी येतात, त्यांना इंग्रजी येत नाही असं मुळीच नाही. हळदीच्या पेढीवर बाहेरदेशीच्या गिऱ्हाइकांचे मेल बघणारे असतात, मिरजेत नर्सिंग शिकणाऱ्या मुली असतात, औषधांच्या दुकानाचे मालक असतात. आलेला मेल कळतो, सबटायटल लावली की सिनेमाही कळतो. पण चार ओळींचं उत्तर लिहायला अर्धा तास जातो, आणि पाठवल्यावरही धाकधूक राहतेच. युरोप परिषदेने २००१ मध्ये भाषा शिकण्याच्या ए१ ते सी२ अशा सहा पायऱ्या मांडल्या, त्यांतली ही बी१, म्हणजे तिसरी, फार तर बी२ची सुरुवात. इथे माणसं वर्षानुवर्षं अडकतात. मग व्याकरणाचं आणखी एक जाड पुस्तक आणतात आणि बारा काळांचा तक्ता पुन्हा पहिल्यापासून गिरवायला घेतात.

तो तक्ता तुम्हाला पाठ आहे. पुस्तक ठेवून द्या, कधी अडलं तर उघडायला.

आमच्या वेळी मराठी शाळेत एबीसीडी पाचवीत सुरू व्हायची. २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आलं. तरी माझ्या वर्गातल्या पंचविशीच्या मुलीच्या आणि पन्नाशीच्या दुकानदाराच्या चुका जवळपास त्याच असतात, कारण दोघांच्याही डोक्यात वाक्य आधी मराठीत तयार होतं. म्हणजे चुका ठरावीक आहेत, त्या मोजता येतात आणि एकेक करून काढता येतात. माझी सगळी रीत एवढ्यावरच उभी आहे: आपल्या चुकांची यादी करायची आणि सराव फक्त त्या यादीचा करायचा.

यादी करायला एक वही लागते. रोज सहा-सात ओळी लिहा, आणि त्या कामाच्या असू द्या. माझा आवडता ऋतू वगैरे शाळेत झालं. आज कोणाचा फोन आला, कशावरून वाद झाला, उद्या काय करायचं आहे, एवढंच लिहायचं. फोनवर लिहू नका, तो न विचारता शब्द सुधारतो आणि तुमची चूक तुम्हाला दिसतच नाही. दुसऱ्या दिवशी तेच पान मोठ्याने वाचा आणि जिथे शंका येईल तिथे फक्त खूण करा. खुणा कुठे पडतील याचा मला आधीच अंदाज आहे.

'तोपर्यंत' हा पहिला अड्डा. "तू येत नाहीस तोपर्यंत मी थांबते" हे मराठी चोख आहे. त्याचं इंग्रजी होतं "आय विल वेट अनटिल यू डोन्ट कम". 'अनटिल'ला 'नाही' लागत नाही: "आय विल वेट अनटिल यू कम". दुसरा अड्डा भविष्यकाळाचा. "तू घरी पोचशील तेव्हा फोन कर" यातलं 'पोचशील' जसंच्या तसं नेलं की "व्हेन यू विल रीच होम" होतं. अशा 'व्हेन', 'इफ', 'ॲज सून ॲज'च्या पुढे इंग्रजी साधा वर्तमानकाळ ठेवतं: "कॉल मी व्हेन यू रीच होम".

"काल मेल पाठवला आहे" असं आपण सहज म्हणतो. म्हणून "आय हॅव सेंट द मेल यस्टरडे" लिहितो. संपलेल्या वेळेचं नाव वाक्यात आलं, काल, सोमवारी, मार्चमध्ये, की 'हॅव' उचलून टाका: "आय सेंट द मेल यस्टरडे". याउलट "पाच वर्षांपासून इथे काम करतोय" याला 'हॅव' लागतोच: "आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स". इथे 'सिन्स' लिहायचा मोह होतो, कारण 'पासून' म्हटलं की 'सिन्स' हे शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं. स्वतःला प्रश्न विचारा. "किती काळ?" याचं उत्तर असेल, पाच वर्षं, दोन तास, तर 'फॉर'. "केव्हापासून?" याचं उत्तर असेल, २०१९, सोमवार, दिवाळी, तर 'सिन्स'.

सगळ्यात महाग पडणारी चूक दुसऱ्याचं बोलणं सांगताना होते. "साहेब म्हणाले की मी उद्या येईन" या मराठी वाक्यात येणारे साहेबच, हे आपल्याला न सांगता कळतं. "सर सेड दॅट आय विल कम टुमॉरो" असं लिहिलंत की समोरचा उद्या तुमची वाट बघत बसतो. 'आय' जाऊन 'ही' यायला हवा: "सर सेड ही वुड कम टुमॉरो". ही चूक ज्याच्या यादीत असेल, त्याने ती सगळ्यात वर लिहावी. बाकीच्या चुकांनी फार तर वाक्य ओबडधोबड दिसतं, हिने निरोपच उलटा होतो.

'च'चं 'ओन्ली' करणं, "आय ॲम हिअर ओन्ली", याला मी फार छळत नाही. भारतभर सगळे तसंच बोलतात आणि कळतं. लेखी कामात टाळा म्हणजे झालं.

'अ' आणि 'द' यांचं मात्र दुखणं खरं आहे, कारण मराठीत या जागी काहीच नसतं. नियम पाठ करून ते जात नाही. इंग्रजी वर्तमानपत्रातला एक परिच्छेद उतरवून घ्या, सगळे 'अ', 'ॲन', 'द' गाळून मोकळ्या जागाही ठेवू नका, आणि दोन दिवसांनी ते परत भरा. मोकळी जागा ठेवली की काहीतरी भरायचंय हे कळतं आणि अर्धा सराव वाया जातो. दहापैकी सात बरोबर आले तर खूश व्हा. राहिलेले तीन वाचनाने सावकाश येतात.

आता मुख्य व्यायाम. याचं श्रेय माझं नाही. अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन अठराव्या शतकात, बॉस्टनमध्ये मुलगा असताना, आवडलेल्या निबंधातल्या प्रत्येक वाक्याचा आशय थोडक्यात टिपून ठेवत, काही दिवस जाऊ देत आणि मग टिपणांवरून तो निबंध आपल्या शब्दांत पुन्हा उभा करत. नंतर मूळ काढून ताडून बघत. त्यांची टिपणं इंग्रजीतच होती. आपल्याकडे मराठी आहे, म्हणजे आपली सोय जास्त चांगली. चांगल्या इंग्रजीतला चार ओळींचा मजकूर घ्या, त्याचं बोली मराठी करा, इंग्रजी झाकून ठेवा. दोन-तीन दिवसांनी मराठीवरून परत इंग्रजी लिहा. मग झाकलेलं काढा.

एक नमुना दाखवते. मूळ मजकूर असा: "प्लीज फाइंड द रिव्हाइज्ड इनव्हॉइस अटॅच्ड. वी रिग्रेट द डिले, विच वॉज ड्यू टू अ स्ट्राइक ॲट द पोर्ट. द गुड्स शुड रीच यू बाय फ्रायडे." त्याचं मराठी: "सुधारलेलं बिल सोबत जोडलंय. उशीर झाला त्याबद्दल माफ करा, बंदरावर संप होता. माल शुक्रवारपर्यंत पोचेल." तीन दिवसांनी माझ्या वर्गात साधारण असं उतरतं: "आय हॅव अटॅच्ड रिव्हाइज्ड बिल. सॉरी फॉर लेट. देअर वॉज स्ट्राइक ऑन पोर्ट. गुड्स विल रीच टू यू टिल फ्रायडे."

दोन्ही शेजारी ठेवा. 'द' आणि 'अ' गळालेत, ते अपेक्षितच. 'लेट' हे विशेषण आहे आणि 'फॉर'च्या पुढे नाम हवं, म्हणून 'डिले'. 'वर' म्हटलं म्हणून 'ऑन' आलं, तिथे 'ॲट'. 'रीच'ला 'टू' लागत नाही. आणि 'पर्यंत'! मराठीत एकाच 'पर्यंत'ने दोन कामं होतात, इंग्रजीत दोन्हींना वेगवेगळे नोकर. यावर मी मुलींना मराठीतलीच एक कसोटी देते: 'पर्यंत' काढून 'च्या आत' घालून बघा. "माल शुक्रवारच्या आत पोचेल" जमतं, म्हणजे 'बाय'. "दुकान नऊच्या आत उघडं असतं" हे जमत नाही, तिथे 'टिल'.

चार ओळींतून पाच चुका निघाल्या. त्या यादीत गेल्या. कोणतंही पुस्तक तुमच्या चुका इतक्या नेमक्या काढून देणार नाही. मजकूर आपल्या कामाचाच निवडा. नर्सिंगच्या मुलींनी रुग्णाला द्यायच्या सूचना घ्याव्यात, पेढीवरच्यांनी आलेले मेल.

शब्दांकडे येते. रोज दहा नवे शब्द पाठ करायची टूम सोडा. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ बंगालमध्ये, ढाक्याला काम करत. मुलांना वाचायला आधी कोणते शब्द लागतात याचा विचार त्यांनी तिथे केला, आणि १९५३ मध्ये त्यांची सुमारे दोन हजार नेहमीच्या शब्दांची यादी आली. त्यातले शब्द तुम्हाला ओळखीचे आहेत, पण अर्धेच. 'पुट' माहीत आहे. 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणं आणि 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणं, हे वाचताना कळतं, लिहिताना सुचत नाही. नवे शब्द जमवण्याआधी हे अर्धे पुरे करा.

शब्द एकटा लिहून ठेवू नका, त्याच्या जोडीदारासकट लिहा. मराठीत भूक लागते, ताप येतो, शपथ घेतात, हे कोणी आपल्याला शिकवलं नाही. तसंच इंग्रजीत डिसिजन 'मेक' करतात, रिस्क 'टेक' करतात, पाऊस 'हेवी' असतो आणि चहा 'स्ट्राँग'. 'डिस्कस'ला 'अबाउट' लागत नाही, 'एक्स्प्लेन'ला मात्र माणसाआधी 'टू' लागतो: "एक्स्प्लेन इट टू मी". हे बघायला इंग्रजी-मराठी कोश पुरत नाही. शिकणाऱ्यांसाठीचे इंग्रजी-इंग्रजी कोश असतात, ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोघांचेही वेबवर फुकट आहेत. त्यात अर्थापेक्षा उदाहरणाचं वाक्य आधी वाचा. नामापुढे मोजता येतं की नाही याची खूण असते, तीही बघा. 'ॲडव्हाइस', 'फर्निचर', 'इक्विपमेंट' यांना 'एस' लावायचा नाही हे तिथेच कळतं.

यादीतली चूक आणि जोडीदारासकट शब्द, दोन्ही चिठ्ठ्यांवर उतरवा. एका बाजूला मराठी वाक्य, मागे इंग्रजी. आपण किती भराभर विसरतो याची मोजणी एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्येच छापली होती, आणि १९७०च्या दशकात सेबास्टियन लाइटनर या पत्रकाराने त्यावर डब्यांची साधी युक्ती सांगितली. तीन डबे करा. पहिल्यातल्या चिठ्ठ्या रोज, दुसऱ्यातल्या तीन दिवसांनी, तिसऱ्यातल्या आठवड्याने. उत्तर आलं की चिठ्ठी पुढच्या डब्यात, चुकलं की थेट पहिल्यात. फोनवर आन्की नावाचं ॲप हेच काम करतं, पण वाक्यं स्वतःची घाला, दुसऱ्यांच्या तयार गठ्ठ्यांचा उपयोग कमी.

ऐकण्यासाठी बीबीसी लर्निंग इंग्लिशचे सहा मिनिटांचे कार्यक्रम पुरे आहेत. सोबत लिखित मजकूर मिळतो. आधी न बघता ऐका, मग बघत, मग त्यांच्या पाठोपाठ बोला. चॅटबॉटकडून वाक्यं तपासून घ्यायची असतील तर त्याला चूक फक्त अधोरेखित करायला सांगा. दुरुस्ती त्याने केली तर सराव त्याचाच होतो.

सुरुवातीला ही चार वाक्यं वहीत उतरवा आणि आजच इंग्रजी करा:

पैसे जमा होत नाहीत तोपर्यंत माल सोडू नका.
मॅडम म्हणाल्या की मी सोमवारपर्यंत रजेवर आहे.
रिपोर्ट आला की मी तुम्हाला कळवते.
तो गेल्या दिवाळीपासून इथेच राहतो.

दुसऱ्या वाक्यात दोन सापळे आहेत, एक 'मी'चा आणि एक 'पर्यंत'चा. तिसऱ्यात 'आला' हा मराठीत भूतकाळ दिसतो, त्याच्या मागे जाऊ नका. चौथ्यातला 'च' गाळला तरी चालेल.