रस्त्यावर थोडक्यात बचावलात? मग पुढच्या दहा मिनिटांत या चुका टाळा

आषाढातली संध्याकाळ होती. फोंड्याहून पणजीला स्कूटरने निघालो होतो, मागे मुलगी. कुंडई मागे पडली. भोमला रस्ता गावातून अरुंद होत जातो, तिथे समोरून येणाऱ्या बसला ओव्हरटेक करायला एक गाडी बाहेर आली ती थेट माझ्या अंगावर. मी ब्रेक आवळला. मागचं चाक सरकलं, स्कूटर आडवी होता होता सावरली आणि पुढचं चाक रस्त्याकडेच्या तांबड्या चिखलात रुतून थांबलं. गाडी इतक्या जवळून गेली की तिचा वारा हाताला लागला. खरचटलं कुणालाच नाही.

मोठी चूक मी त्यानंतर केली. “लागलं नाही ना? चल,” म्हणत मिनिटभरात स्कूटर चालू केली. डोक्यात ती गाडीच होती; तिचा नंबर आठवायचा प्रयत्न करत होतो, तिला कुठे गाठता येईल याचा हिशेब करत होतो. बाणस्तारीच्या पुलाजवळ गाड्या थांबल्या होत्या. त्या मला दिसल्याच नाहीत. मुलगी जिवाच्या आकांताने “बाबा!” म्हणून ओरडली तेव्हा थांबलो. पुढच्या टेम्पोचा फाळका माझ्यापासून हातभर लांब होता. भोमला चूक समोरच्याची होती असं म्हणू. बाणस्तारीला समोरचं कुणीच चुकलं नव्हतं.

“काळ आला होता, पण वेळ आली नव्हती” असं आपण अशा वेळी म्हणतो. त्यामागची कृतज्ञता मला कळते. पण या म्हणीने प्रसंग तिथेच संपल्यासारखा वाटतो, आणि तो संपलेला नसतो. म्हणून हे लिहितो आहे.

लगेच पुन्हा गाडी चालवणं

जीव धोक्यात आहे असं कळताच शरीरात अॅड्रेनलिन उसळतं. छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, नजर एखाद्या नळीतून पाहावं तशी समोरच्या एकाच गोष्टीवर खिळते. त्या क्षणी याचा उपयोग असतो. धोका टळल्यावर मात्र हे सगळं लगेच उतरत नाही. हात कापतात, गुडघ्यांतलं बळ जातं, आणि मन तोच क्षण पुन्हा पुन्हा दाखवत राहतं. डोळे उघडे असतात, पण रस्ता दिसत नाही. अशा अवस्थेत अॅक्सिलरेटर पिळणं किती वाईट, ते मी बाणस्तारीला पाहिलं.

तेव्हा थांबा, आणि कुठे थांबता याकडे लक्ष द्या. वळणावर नको, चढाच्या माथ्यावर नको, पुलावर तर नकोच. धक्का बसल्यावर लोक आहेत तिथेच उभे राहतात आणि मागून येणाऱ्याला दिसत नाहीत. गाडी चालत असेल तर हळूहळू पुढच्या मोकळ्या जागेपर्यंत न्या, चारही इंडिकेटर लावा, उतरा, रस्त्यापासून लांब व्हा.

मग श्वास. “शांत हो” असं स्वतःला सांगून कुणी शांत होत नाही. शरीराला काहीतरी करायला द्यावं लागतं. नाकाने श्वास घ्या आणि घेतला त्याच्या दुप्पट वेळ लावून सोडा. चार आकड्यांत घेतला तर आठ आकड्यांत सोडा. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती उतरायला मदत होते. असे दहा-बारा श्वास घ्या. हेल्मेट काढा, पाणी प्या, दोन्ही तळवे मांड्यांवर दाबा. बाणस्तारीला एका गाड्यावरच्या बाईंनी आम्हाला पाहून स्टूल पुढे सरकवलं. “बसात मातशें, उदक पियात,” एवढंच त्या म्हणाल्या. आम्ही वीस मिनिटं बसलो. माझी बोटं कापायची थांबायला त्यातली बरीचशी लागली.

निघायच्या आधी मी आता एक साधी गोष्ट करतो. किल्ली भोकात एका झटक्यात जाते का, पाहतो. चाचपडावं लागलं की अजून थांबतो.

पाठलाग, शिवीगाळ, मधल्या रस्त्यात भांडण

याबद्दल फार लिहायची गरज नाही. ज्याने तुम्हाला जवळजवळ उडवलं त्याच्यामागे लागणं म्हणजे त्याच धोक्याला पुन्हा शोधत जाणं. नंबर लक्षात राहिला असेल तर बाजूला थांबून लिहून ठेवा आणि पोलिसांना द्या. 112 वर पोलीस मिळतात, रुग्णवाहिकेसाठी 108 आहे. गाडीला गाडी लागली असेल, कुणी पडलं असेल, तर मात्र निघून जाऊ नका. थांबणं आणि मदत करणं हे चालकाचं कायदेशीर कर्तव्य आहे. आणि दुसऱ्याच्या अपघातात मदतीला धावलात तर 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेलं 134अ हे कलम मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. “नको ती पोलिसांची भानगड” म्हणून बघत उभे राहणारे अजून दिसतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

त्या एका क्षणातल्या चुका

ताशी 50 किलोमीटर वेगात गाडी दर सेकंदाला जवळपास 14 मीटर जाते. म्हणजे धोका दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एका बसच्या लांबीहून जास्त रस्ता सरलेला असतो. त्या वेळी आपण विचार करत नाही, सवय काम करते. ती आधीच नीट लावून घ्यावी लागते.

आपल्याकडची सगळ्यात वाईट सवय हॉर्नची. घाबरल्यावर अंगठा आधी हॉर्नवर जातो आणि ब्रेक राहतो.

दुसरी चूक नजरेची. नजर जिथे, गाडी तिथे. खड्ड्याकडे टक लावून पाहणारा खड्ड्यातच जातो. समोर गाय आली तर गाईकडे न पाहता मोकळी जागा शोधा. चालणारी गाय सहसा पुढे जाते, त्यामुळे तिच्या मागच्या बाजूची वाट मोकळी होत असते. मागे कळप असेल तर वाट शोधू नका, थांबाच. पावसाळ्यात रात्री गुरं डांबरी रस्त्यावर बसलेली असतात आणि काळं जनावर दिव्यात अगदी उशिरा दिसतं. तिथे एकच उपाय, वेग कमी.

आता ब्रेक. एप्रिल 2019 पासून नव्या कारना आणि 125 सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा आहे. जोरात ब्रेक मारल्यावर एबीएसमुळे पेडल किंवा लिव्हर थरथरतो, कडकड आवाज येतो. काहीतरी तुटलं असं वाटून लोक पाय उचलतात. उचलू नका, दाबून धरा. ती थरथर म्हणजे यंत्रणा काम करत असल्याची खूण आहे. 125 सीसीपर्यंतच्या बहुतेक स्कूटरना सीबीएस, म्हणजे जोडलेले ब्रेक असतात. त्यात एक लिव्हर दाबला तरी दोन्ही चाकांना ब्रेक लागतो, पण चाक जाम होण्यापासून ते वाचवत नाही. तिथे दोन्ही लिव्हर एकदम न आवळता दाब वाढवत न्यायचा, आणि हँडल सरळ ठेवायचं.

जूनच्या पहिल्या पावसात तर हे जास्तच पाळा. महिनोन् महिने साचलेलं तेल आणि धूळ पाण्यावर येते. जांभळाच्या झाडाखाली ठेचलेल्या फळांचा थर असतो. दिवाडीला किंवा चोडणला जाताना फेरीबोटीच्या ओल्या लोखंडी फळीवर पुढचा ब्रेक मारून पडलेले किती तरी जण मी पाहिले आहेत. साचलेल्या पाण्यावर गाडी तरंगतेय असं वाटलं, स्टिअरिंग हलकं झालं, तर ब्रेक नको आणि वळवणंही नको. अॅक्सिलरेटर सोडा, चाकं सरळ धरा.

चोर्ला किंवा अनमोड घाट उतरताना पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणारे आहेत. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, करू नका. सतत दाबून ब्रेक तापतात आणि लागेनासे होतात. ज्या गिअरमध्ये चढ चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक गेलाच तर पेडल पंपासारखं दाबत राहा, एकेक गिअर खाली आणा, हँडब्रेक हळूहळू ओढा. इंजिन बंद करू नका. केलंत तर स्टिअरिंग जड होतं आणि उरलासुरला ब्रेकही कडक होतो.

“काही झालं नाही” म्हणणं

मी मुलीला हेच म्हणालो होतो. तिला ते पटलं नव्हतं, कारण ते खरं नव्हतं. पुढचे तीन आठवडे ती स्कूटरवर बसली नाही. आधी मी चिडलो, मग समजावलं. दोन्हीचा उपयोग झाला नाही. शेवटी एकदा मी म्हणालो, “मीही घाबरलो होतो गं.” त्यावर ती बोलायला लागली. नंतरच्या रविवारी सकाळी रस्ता रिकामा असताना घरापासून देवळापर्यंत गेलो, तिच्या सांगण्याप्रमाणे 30 च्या वेगाने.

भीती अशीच थोडी थोडी ओसरते. मात्र महिना झाला तरी झोप लागत नाही, तो प्रसंग डोळ्यांपुढून हटत नाही, रस्त्यावर निघायची वेळ आली की छाती दडपते, असं असेल तर डॉक्टरांना दाखवा. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या क्रमांकावर फोन करूनही बोलता येतं. आणि प्रसंगाच्या वेळी मानेला हिसका बसला असेल तर दुसऱ्या दिवशी दुखायला लागतं, ते अंगावर काढू नका.

फक्त समोरच्याचीच चूक पाहणं

भोमची गोष्ट मी चार दिवस भेटेल त्याला सांगत होतो, आणि प्रत्येक वेळी ती गाडी जास्त वेगात असायची. पाचव्या दिवशी, चिखलात रुतल्यापासून आवाज येतो म्हणून स्कूटर गॅरेजला नेली. गॅरेजवाल्याने मागचं चाक हाताने फिरवलं आणि माझा अंगठा धरून टायरच्या मधल्या पट्ट्यावरून ओढला. खाचा लागतच नव्हत्या. कडेला होत्या, मध्ये नुसतं गुळगुळीत रबर. “ह्या टायरावर पावसात फिरता तुम्ही?” त्याने विचारलं.

टायर बदलून घरी आलो आणि मुलीला हाक मारली. जुना टायर मुद्दाम सोबत आणला होता.