मुलांना स्वातंत्र्यलढा सांगताना या चुका टाळा

पहिली चूक सनावळीने सुरुवात करण्याची. १८५७, १८८५, १९२०, १९४२ हे मूल पाठ करतं, पेपरात लिहितं आणि विसरून जातं. लोक एवढे चिडले कशामुळे, हा प्रश्नच त्याला पडलेला नसतो.

मिठापासून सुरुवात करून पाहा. मिठावर सरकारची मक्तेदारी होती, वर करही होता. समुद्रकाठच्या माणसाने परवान्याशिवाय मीठ तयार केलं तरी तो गुन्हा ठरायचा. एवढं सांगून थांबा आणि मुलाला बोलू द्या. ‘असं कसं?’ हे त्याच्या तोंडून आलं की मग १२ मार्च १९३० ला साबरमतीहून निघालेले गांधीजी, सुमारे ३८५ किलोमीटरची पायपीट आणि ६ एप्रिलला दांडीला उचललेलं मीठ सांगा. नकाशावर कोकणातलं शिरोडा दाखवा, तिथेही मिठाचा सत्याग्रह झाला. समुद्र नव्हता तिथे लोकांनी काय केलं, हे मुलालाच ओळखू द्या. सांगलीकडच्या बिळाशीत त्यांनी जंगलाचे कायदे मोडले. कायदा मोडायचा, पण उघडपणे आणि शिक्षा भोगण्याच्या तयारीने, हे मुलांना इथेच उमगतं.

दुसरी चूक, फक्त मोठ्या पुढाऱ्यांची नावं घेणं. परदेशी कापडाच्या लॉरीसमोर उभा राहून १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत प्राण देणारा बाबू गेनू गिरणी कामगार होता. ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारच्या मिरवणुकीत गोळी लागून गेलेला शिरीषकुमार तर शाळकरी मुलगा. लहानग्यांना गोळीबाराचं रक्तरंजित वर्णन मात्र करू नका. मूल घाबरलं, तर त्याच वर्षी गुप्त रेडिओ केंद्र चालवणाऱ्या उषा मेहतांकडे वळा. लपूनछपून केलेलं प्रसारण मुलांना हमखास आवडतं.

‘गांधीजी बरोबर की भगतसिंग?’ असं मुलाने विचारलं, तर घाईने निकाल देऊ नका. दोघांना काय हवं होतं आणि प्रत्येकाने त्यासाठी कोणता मार्ग धरला, हे आधी सांगा. मत त्याचं त्याला बनवू द्या.

मूल ‘इंग्रज वाईट’ म्हणू लागलं, तर ॲनी बेझंट यांची ओळख करून द्या. लंडनमध्ये जन्मलेल्या या बाईंनी इथे होमरूलची, म्हणजे स्वराज्याची, चळवळ उभारली आणि १९१७ मध्ये त्या काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या. भांडण राजवटीशी होतं.

आणि गोष्ट १५ ऑगस्ट १९४७ वर संपवू नका. मराठवाडा निजामाच्या राजवटीतून सुटला १७ सप्टेंबर १९४८ ला. गोवा पोर्तुगीजांकडून मुक्त झाला थेट १९ डिसेंबर १९६१ ला. फाळणीही झाकून ठेवू नका. दहा-बारा वर्षांच्या मुलाला लाखो लोकांची घरं सुटली, असंख्य माणसं मारली गेली, हे सरळ शब्दांत सांगता येतं.