आंबलेली टाकी आणि मंदावलेला गॅस

गोकाककडच्या पट्ट्यातील मक्याच्या एका स्टार्च कारखान्यात मी सांडपाणी प्रक्रिया सांभाळतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या बंद टाकीतील (जिथे सूक्ष्मजीव हवेविना सांडपाण्यातील घाण कुजवून मिथेन वायू बनवतात) गॅस अचानक मंदावला आणि नमुन्याच्या बाटलीला आंबलेल्या पेजेसारखा वास येऊ लागला, पीएच (आम्लतेचे माप; जितका कमी तितके पाणी आंबट) ५.८ वर उतरला होता, जो मिथेन तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांना ७ च्या आसपास लागतो. शोध घेतला तेव्हा धुलाईच्या पाण्यातून स्टार्चच निसटत असल्याचे दिसले; टाकीत त्याचे झपाट्याने आम्ल होते. ती गळती बंद करून मी टाकीतील भरणा (टाकीत सांडपाणी सोडणे) तीन दिवस थांबवला, खाण्याचा सोडा थोडा थोडा देऊन पीएच सावरला (चुना स्वस्त पडतो, पण त्याचा थर नळांत बसतो), आणि मगच नेहमीच्या पाव भरण्याने सुरुवात केली. आता आम्ल आणि अल्कता (आम्ल शोषून पीएच टिकवण्याची पाण्याची क्षमता) यांचे गुणोत्तर ०.४ च्या वर जाताच, पीएच ढळण्याची वाट न पाहता, मी भरणा कमी करतो, कारण आमचे पाणी जाते त्या खालच्या ओढ्यावर गावाची गुरे पाणी पितात.