कैरोत पपायरस घेताना एवढं बघा
खान अल खलिली बाजारात किंवा पिरॅमिडजवळ पपायरसचं (त्याच नावाच्या पाणवनस्पतीच्या पट्ट्यांपासून केलेल्या कागदाचं) चित्र म्हणून जे गळ्यात मारतात ते बऱ्याचदा केळीच्या सोपटाचं असतं.

1. चित्र उजेडासमोर धरा, खऱ्यात आडव्या-उभ्या पट्ट्यांची जाळी दिसते आणि ती जराशी वेडीवाकडीच असते, सगळं अगदी एकसारखं दिसलं की सोडून द्या.
2. मग दुकानदारालाच म्हणा जरा गुंडाळून दाखव, खरा सहज वळतो, नकली तडकतो (स्वतः करू नका, फाटलं तर पैसे मागेल).
3. तेच चित्र डिट्टो गठ्ठ्याने पडलं असेल तर छापील आहे, मग भाव पण छापीलचाच करा.

आणि कोणी "फॅरोच्या काळातलं ओरिजिनल" म्हणाला तर हातही लावू नका, इजिप्तमध्ये 1983 च्या कायद्याने पुरातन वस्तूंची खरेदी-विक्रीच बंद आहे.