स्मृतिभ्रंश झालेल्या आई-वडिलांसाठी निवासी केंद्र निवडताना या चुका टाळा

निवासी केंद्राचा विषय बहुतेक घरांत एखाद्या अपघातानंतरच निघतो. वडील पहाटे कडी काढून निघून जातात किंवा आईचे पडून खुब्याचे हाड मोडते, आणि रुग्णालयातून सुटी मिळण्याआधीच्या दोन दिवसांत जागा शोधण्याची धावपळ सुरू होते. ‘लोक काय म्हणतील’ या धास्तीने तोवर कोणी बोललेले नसते, ही पहिली चूक. देशभरातील पाहणीवर आधारलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे जवळपास ८८ लाख ज्येष्ठांना स्मृतिभ्रंश आहे. तेव्हा हा प्रश्न आपल्याच घरात उद्भवला आहे असे मानून गप्प राहण्याचे कारण नाही.

दुसरी चूक म्हणजे सगळ्या जागांना एकाच मापाने मोजणे. हिंडत्याफिरत्या ज्येष्ठांसाठी बांधलेले गृहसंकुल, आंघोळ-औषधांना मदत पुरवणारे निवास आणि स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी खास चालवलेले केंद्र या तीन वेगळ्या सोयी आहेत. केंद्र सरकारने २०१९ मध्ये ज्येष्ठांच्या निवासी प्रकल्पांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे काढली खरी, पण माहितीपत्रकातील ‘मेमरी केअर’ हे शब्द प्रत्यक्षात काय देतात, याची खात्री आपल्यालाच करून घ्यावी लागते. रुग्ण अंथरुणाला खिळल्यावर, नळीने अन्न द्यावे लागल्यावर किंवा तो हात उगारू लागल्यावर त्याला ठेवून घेणार का, हे करारात लिहून घ्यावे. डायपर, फिजिओथेरपी आणि रुग्णालयात सोबत जाणारा माणूस यांचे पैसे वेगळे लागतात का, हेही आधीच विचारावे.

पाहणीला लोक सकाळी अकरा वाजता वेळ ठरवून जातात. तेव्हा लादी पुसलेली असते, व्यवस्थापक हजर असतात, आणि आपण बाग पाहून भारावतो. अशा अनेक रुग्णांची अस्वस्थता दिवस मावळताना वाढते. म्हणून एक फेरी संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास मारावी, येरझाऱ्या घालणाऱ्या आजोबांशी तिथल्या मावशी आणि मामा कोणत्या सुरात बोलतात ते ऐकावे आणि रात्री किती रुग्णांमागे किती माणसे जागी असतात ते विचारावे. भाषेकडेही लक्ष द्यावे, कारण आजार वाढतो तशी नंतर शिकलेली भाषा आधी निसटू शकते, आणि आयुष्यभर उत्तम हिंदी बोललेल्या आजींना हिंदीतली साधी सूचनाही कळेनाशी होते.

‘आई आंघोळच घालू देत नाही, ओरडते’ ही दाखल केल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांतली नेहमीची तक्रार. कर्मचारी याला हट्टीपणा म्हणतात आणि नातेवाईक कर्मचाऱ्यांवर संशय घेतात. अनेकदा कारण न्हाणीघरातच सापडते. जन्मभर पाटावर बसून बादलीतले पाणी तांब्याने घेतलेल्या बाईच्या डोक्यावर अनोळखी माणसाने अचानक शॉवर सोडला, तर ती घाबरणारच. बादली, तांब्या आणि पाटाऐवजी बसायला भक्कम प्लॅस्टिकची खुर्ची ठेवावी, पाणी आधी पायांवर घालावे आणि शक्यतो तिच्या जुन्या वेळेलाच आंघोळ घालावी. अशा सवयी केंद्राला सांगणारे कोणी नसते. दाखल करताना डॉक्टरांची फाइल दिली जाते, पण चहात साखर किती, पूजा कधी, हाक कोणत्या नावाने मारायची, हे कोणी लिहून देत नाही. एक पानभर मजकूर पुरतो.

‘मला घरी जायचंय’ यावर ‘आता हेच तुझं घर’ असे उत्तर देणे ही समजूत नव्हे, वादाला आमंत्रण आहे. ते घर पुष्कळदा लहानपणीचे असते. त्या घराविषयी विचारावे आणि बोलू द्यावे. तपासणीला नेतो असे सांगून वडिलांना तिथेच सोडून येणेही टाळावे. प्रसंग विसरला तरी फसवले गेल्याची भीती मागे राहू शकते.

स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांच्या गतीने वाढतो. दोन दिवसांत बोलणे असंबद्ध झाले, भास होऊ लागले किंवा माणूस सुस्त पडून राहू लागला, तर ‘आजार वाढला’ म्हणून सोडून देऊ नये. मूत्रमार्गाचा संसर्ग, सोडियम घटणे, बद्धकोष्ठता किंवा नवे औषध यांपैकी काहीतरी असण्याचा संभव मोठा असतो आणि त्यावर उपचार असतात. ‘शांत राहावे म्हणून’ गोळी सुरू केली असेल, तर नाव, मात्रा आणि ती कधी थांबवायची, हे डॉक्टरांकडून लेखी घ्यावे. मनोविकारांवरील काही औषधांनी स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ मध्येच दिला आहे.

कागदपत्रांबाबत एक गैरसमज फार महागात पडतो. वडिलांनी मुलाला कुलमुखत्यारपत्र दिले म्हणजे पुढची सोय झाली, असे घरोघरी मानले जाते. मात्र १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार ते देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्याराचा अधिकार संपतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याखाली प्रतिनिधी नेमता येतो, पण तो उपचारांच्या निर्णयांपुरता असतो, मालमत्तेसाठी नाही. म्हणून निदान झाल्यावर, त्यांना व्यवहार समजत असतानाच, बँक खात्यावर संयुक्त नाव, नामनिर्देशन आणि मृत्युपत्र ही कामे उरकावीत. मृत्युपत्राला त्यांची समज शाबूत असल्याचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडले, तर भावंडांतले पुढचे भांडण बरेचसे टळते.